भरीत पार्टी अन् तालेराँ

परवा मामांच्या मळ्यात भरीत पार्टी होती, यावलकडे. निमित्त भरताचं, खरं काम वाटणीचं, आमच्याकडे थंडीत असंच चालतं भो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं चालू होतं, डोळ्यात धूर, अन् तिघं मोठे मामा आधीच आपसात ठरवून बसलेले. लहाने मामा कोर्टात हरलेले, त्यांना फक्त सही करायला बोलावलेलं. त्यांनी कागद वाचला, 'वादी पक्ष' या शब्दावर बोट ठेवलं अन् शांतपणे विचारलं, केस तर मिटली ना, मग आता वादी कोणाच्या विरुद्ध?

मला हसूच आलं, कारण सेम हाच डाव फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँने टाकला होता.

३० सप्टेंबर १८१४, व्हिएन्ना, ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटर्निखच्या घरची मीटिंग. नेपोलियन हरलेला, एल्बा बेटावर, अन् ऑस्ट्रिया, ब्रिटन, रशिया, प्रशिया या चौघांनी युरोपची वाटणी आपणच ठरवायची असं आधीच पक्कं केलेलं. फ्रान्सकडून आलेला हा लंगडा, एकेकाळचा बिशप, पैसे खाण्यात पण पटाईत (माणूस म्हणून मला अजिबात नाही आवडत). कागदावर 'मित्रराष्ट्रे' वाचून म्हणे, लढाई संपली, मित्र आता कोणाच्या विरुद्ध? मग छोट्या देशांची बाजू घेऊन बसला, अन् पोलंड अन् सॅक्सनी कोणी घ्यायचं यावरून चौघांचं फाटलं तेव्हा ३ जानेवारी १८१५ ला मेटर्निख अन् ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री कॅसलरेसोबत गुपचूप तह करून मोकळा. कोणाच्या विरुद्ध, तर रशिया अन् प्रशियाच्या! हरलेला देश तीन-चार महिन्यात पंगतीत मधोमध.

गंमत म्हणजे मार्चमध्ये नेपोलियन पॅरिसला परतला तर त्या तहाची प्रत राजवाड्यातच सापडली, फ्रान्सचा राजा पळताना विसरला. नेपोलियनने ती सरळ रशियाच्या झारला पाठवून दिली, पण झार तरी काय करणार, आधी नेपोलियनला आवरायचं होतं.

आणि आपल्याकडे? महिदपूरला हरल्यावर होळकरांनी ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरच्या तहात खानदेश इंग्रजांना लिहून दिला. गादीवर लहान पोर. तिथं असा एखादा लंगडा हवा होता असं मला उगाच वाटत राहतं.

असो. लहाने मामांना विहिरीत पाळी मिळाली अन् बांधावरून गाडीवाट. 'वादी' खोडलं. तोवर कळण्याच्या भाकरी गार झालेल्या, भरीत मात्र जाळ तिखट.