जामीनपत्र

काकांनी हार्ड डिस्क आणली तेव्हा ती पाठवायच्या तयारीतच होती. बबल रॅप, त्यावर खोका, खोक्यावर वॉरंटी क्लेमचा नंबर लिहिलेला कागद. माझ्याकडे ते फक्त एवढंच विचारायला आले होते की पुठ्ठा एवढा पुरेल ना, कुरिअरवाले आपटतात.

इंदूरच्या आर.एन.टी. मार्गावर, सिल्व्हर मॉलपासून चार पावलांवर माझं छोटं दुकान आहे. चौदा वर्षं मी बंद पडलेल्या डिस्कमधून डेटा काढतो. काका रामबागेतले. कर सल्लागार. अर्ध्या रामबागेची आणि लोकमान्य नगरातल्या कित्येक घरांची इन्कम टॅक्स रिटर्न त्यांच्या हातून जातात. विधवा पेन्शनर बायका पैसे विचारायलाही घाबरतात म्हणून त्यांचं काम ते फुकट करतात, हे मला ठाऊक आहे. माझ्या बाबांची रिटर्नही तेच भरायचे. बाबा विद्युत मंडळात होते, २०१९ मध्ये गेले.

डिस्क चार टीबीची, साडेतीन इंची, पाच वर्षांच्या वॉरंटीतली. तीन वर्षं दहा महिने झालेली. नवी घ्यायची तर काही हजार. ऑफिसच्या संगणकांची प्रत रोज रात्री हिच्यावर पडायची. मूळ कागद संगणकांवर शाबूत होते, त्यामुळे डेटा परत हवाय असं काही नव्हतंच. एरवी माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस "भाऊ, फोटो तरी निघतील का" म्हणत येतो. काकांना काहीच काढायचं नव्हतं.

मी विचारलं, "काका, यात लोकांचे कागद असतील ना?"

"अरे, ती मेलेली आहे. फिरतसुद्धा नाही. कोण बघणार?"

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. आणि मला कबूल केलंच पाहिजे की धंद्याच्या पहिल्या काही वर्षांत मीही गिऱ्हाइकांना हेच सांगायचो. बंद आहे ना, मग पाठवा बिनधास्त. किती खोके मी स्वतःच्या हाताने फोम घालून चिकटपट्टी लावून पाठवले असतील, मोजदाद नाही.

बंद डिस्क म्हणजे मालकासाठी बंद. तिच्यातल्या प्लेटांवरचं चुंबकीय लेखन जसंच्या तसं असतं. फरक इतकाच पडतो की मालकाला आता ते पुसता येत नाही, आणि ज्याच्याकडे हॉट एअर (डाख वितळवणारी गरम हवेची बंदूक) आणि मल्टिमीटर आहे त्याला वाचता येतं. वॉरंटीत परत गेलेली डिस्क बहुधा भंगारात जात नाही. ती दुरुस्त होते, तपासली जाते आणि 'रिसर्टिफाइड' असं लेबल लागून दुसऱ्या कुणाच्या तरी वॉरंटीत बदली म्हणून जाते. तिथे काम करणारे बहुतेक लोक नीटच काम करत असतील. पण अटींच्या कागदात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आतल्या डेटाची जबाबदारी आमची नाही, पाठवण्याआधी तुम्ही पुसा. बंद डिस्क पुसायची कशी, ते त्या कागदात कुठेच नसतं. ही अट लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे.

मी काकांना बसवलं, चहा सांगितला आणि डिस्कचा बोर्ड बघितला. जळल्याची खूण नव्हती, वास नव्हता. साडेतीन इंची डिस्कला दोन वीजपुरवठे लागतात, ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट. दोन्हींच्या वाटेवर एकेक छोटा काळा डायोड बसवलेला असतो, टीव्हीएस. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढचं सगळं वाचवतो. घरातल्या फ्यूजसारखाच, फक्त उलट्या पद्धतीने मरणारा. मी मल्टिमीटर बीपवर ठेवून १२ व्होल्टच्या डायोडला दोन्ही टोकं लावली. सलग बीप. म्हणजे डायोड शॉर्ट झालेला.

काकांच्या ऑफिसातला मुलगा बरोबर होता. त्याला विचारलं, डिस्कच्या केसला, म्हणजे ती ज्या डब्यात बसवून चालवता त्याला, कुठला अडॅप्टर लावला होतास? तो आधी म्हणाला, तोच. मग थोड्या वेळाने, "भिया, लैपटॉपवाला लगा दिया था एक बार. पिन तो फिट हो गई थी." लॅपटॉपचा अडॅप्टर १९ व्होल्टचा. केस १२ ची. गोल पिन दोन्हींची सारखी. एका पिनेत दहा प्रकारची व्होल्टेज विकणाऱ्या कंपन्यांमुळे माझं घर चालतं, तरी मी म्हणेन की हा प्रकार बंद व्हायला हवा. पोरावर मी रागावलो नाही.

काकांना मी सांगितलं, की हा डायोड काढला तर डिस्क पाच मिनिटांत उठेल. पण मग बोर्डावर हात फिरवल्याची खूण राहील आणि वॉरंटी गेली. काकांनी पुण्याला मुलाला फोन लावला, स्पीकरवर. मुलगा आयटीत आहे. त्याचं म्हणणं, "बाबा, उगाच वॉरंटी घालवू नका, त्यांच्याकडे सगळ्या डिस्क पुसल्याच जातात." मी म्हटलं, पुसतही असतील, पण रामबागेतून तिथे पोहोचेपर्यंत तीन गोदामं लागतात. तो म्हणाला, इतका कोण रस घेणार आपल्या लोकांच्या आधार कार्डांत.

मला वाद घालता येत नाही. मी एवढंच सांगितलं की २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मॉर्गन स्टॅनली या वित्तसंस्थेला ३.५ कोटी डॉलर दंड झाला, कारण त्यांनी जुन्या डिस्कची विल्हेवाट लावायचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं होतं आणि ग्राहकांचा डेटा असलेली त्यातली काही यंत्रं ऑनलाइन लिलावात विकली गेली. आपल्याकडेही २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, सुरक्षेची काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काकांवर त्या आकड्यांचा काही परिणाम झाला नाही. तेवढा पैसा माणसाच्या कल्पनेतच येत नाही.

मग मी विचारलं, "बाबांचेही कागद असतील ना यात?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. "असतील की. बंद झालेल्या फाइली आपण काढतो कुठे." फोनवर मुलगा काहीतरी म्हणत होता, त्यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "शिवाय चूक आपली आहे. १९ व्होल्ट आपण लावले. वॉरंटी मागायची कशाच्या तोंडाने? काढ तो डायोड."

डायोड काढायला दीड मिनिट लागलं. डिस्कला वीज दिली आणि तिने सूर धरला. ज्याने हा आवाज ऐकलाय त्याला कळेल. मोटार वेग घेते, मग एक बारीक खरखर, वाचणारं-लिहिणारं हेड प्लेटांवर उतरल्याची, आणि मग शांत घरघर. स्क्रीनवर सगळं आलं. पासवर्ड नाही, कुलूप नाही. ग्राहकाच्या नावाचा एकेक फोल्डर. आत पॅन, आधार, फॉर्म १६, बँकेची वर्षभराची विवरणं, कुणाचं मृत्युपत्र, कुणाचा घटस्फोटाचा हुकूमनामा पोटगीच्या नोंदीसाठी. आणि सगळ्यांच्या वर एक एक्सेलची फाइल, नाव 'पासवर्ड'. आयकर पोर्टलची लॉगिनं, तीनशेच्या वर. काकांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. पलीकडच्या खुर्चीवर तो खोका तसाच होता, पत्ता लिहिलेला.

आता जे लिहितो त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

आमच्या धंद्यात एक नियम आहे: डिस्क उठली की दोन-चार फाइली उघडून बघायच्या, नीट वाचता येतात की नाही, आणि मग बंद करायच्या. पण हा नियम डेटा काढून देताना. इथे तर फक्त पुसायचं होतं. उघडून बघण्याचं काही कारण नव्हतं. काका ऑफिसातल्या पोराला दुसरं काहीतरी सांगत होते आणि मी बाबांच्या नावाचा फोल्डर उघडला. फाइल एकही उघडली नाही. फक्त नावं दिसली. फॉर्म १६, फॉर्म १६, विमा, आणि त्यांच्यामध्ये 'जामीनपत्र २०११', पुढे बाबांच्या एका सहकाऱ्याचं आडनाव. त्याखाली बँकेच्या वसुलीच्या नोटिसा, २०१३, २०१४.

२०१३ साली मला पुण्याला पुढच्या शिक्षणाला जायचं होतं आणि बाबा म्हणाले होते, इथेच कर, इंदूरमध्ये काय कमी आहे. मी त्यांच्याशी महिनाभर धड बोललो नव्हतो. आईला आजही वाटतं की त्यांना मला दूर पाठवायचं नव्हतं.

मी फोल्डर बंद केला. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काय दिसलं ते मला माहीत नाही. संध्याकाळी पाचला मी पुसायला लावलं.

पुसणं म्हणजे डिलीट नव्हे आणि झटपट फॉरमॅटही नव्हे. त्यांत फक्त अनुक्रमणिका जाते, पानं तशीच राहतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्येक जागी शून्य लिहावं लागतं. सात वेळा, पस्तीस वेळा पुसा असं अजून लोक सांगतात. ते पस्तीस वेळांचं प्रकरण १९९६ च्या एका संशोधनातून आलं, जुन्या पद्धतीच्या डिस्कसाठी. आजच्या डिस्कला एकदा नीट लिहिलं की पुरतं. अमेरिकेच्या मानक संस्थेची, एनआयएसटीची, नियमावलीही तेच सांगते. एसएसडीचं, म्हणजे फिरत्या प्लेटांऐवजी चिपा असलेल्या डिस्कचं, वेगळं. तिथे कुठल्या चिपमध्ये काय लिहायचं ते तिचा कंट्रोलर ठरवतो, म्हणून वरून शून्य लिहून भागत नाही. तिच्या स्वतःच्या पुसण्याच्या आज्ञेनेच पुसावी लागते. चुंबक फिरवून तर तिचं काहीच होत नाही.

चार टीबीला साधारण आठ तास. बाहेरच्या कडेला वेग जास्त असतो, आत जाताना तो निम्म्यावर येतो. काका सात वाजता घरी गेले. मी दुकान अर्धं बंद करून बसलो होतो. पावणेदहाला, ७१ टक्क्यांवर, आवाज बदलला. टक. टक. टक. ज्या आवाजाने माझ्या पोटात चौदा वर्षांनंतरही गोळा येतो तो आवाज. हेडला वाट सापडत नव्हती. ते मागे येऊन पुन्हा जात होतं. १९ व्होल्टचा झटका डायोडने अडवला होता, पण बहुधा पूर्ण अडवला नव्हता.

उरलेल्या २९ टक्क्यांत काय असेल? अनुक्रमणिका आधीच्याच भागात पुसली गेली, त्यामुळे नावं गेली. पण नाव नसलेली पीडीएफही शोधता येते, तिची सुरुवात ठरलेल्या चार-पाच अक्षरांनी होते, आणि तशी शोधून देणं हाच माझा रोजचा व्यवसाय आहे. शिवाय त्या डिस्कवर एकाच ऑफिसच्या कित्येक रात्रींच्या प्रती होत्या. पुढे पुसलेलं मागे पुन्हा असणारच. या अवस्थेत ती आणखी उठवायची तर हेड बदलायला हवं. पुसण्यासाठी एवढा खर्च कुणी करत नाही. आमच्यातले काहीजण अशा डिस्क डोनर म्हणून ठेवतात, सुटे भाग लागतात म्हणून, गिऱ्हाइकाला न विचारता. मीही पूर्वी ठेवल्या आहेत. त्या कपाटातल्या सगळ्या मी या महिन्यात फोडल्या.

दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन पोलोग्राउंडला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. झाकणाचे टॉर्क्स स्क्रू, त्यातला एक लेबलखाली लपलेला असतो. आतले चुंबक काढले. प्लेटा निघाल्या. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमध्ये बहुधा काच असते, फटक्यात चुरा होतो. या ॲल्युमिनियमच्या. वाकतात, तुटत नाहीत, आणि नुसतं झाकणावर हातोडा मारून लोक समाधानी होतात तेव्हा आत प्लेटा बहुतेकदा साबूत असतात. आम्ही आधी दोन्ही बाजूंना एमरी पेपर मारला. लेखन असतं तो थर इतका पातळ की दोन हातांत निघून येतो. मग ड्रिलने भोकं, मग शिकंज्यात धरून घडी. काकांनी एक प्लेट स्वतः घासली, बराच वेळ, दोन्ही बाजूंनी. वर्कशॉपवाला म्हणाला, बाबूजी, हो गया. ते थांबले नाहीत.

तुकडे त्यांनी पिशवीत घेतले. महापालिकेची कचरागाडी येते तिच्यात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यात टाकतो म्हणाले. नवी डिस्क मी सांगितली तशी घेतली, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, लावून दिलं. त्याची ४८ आकडी किल्ली त्यांनी वहीत आपल्या अक्षरात दोनदा लिहिली आणि 'पासवर्ड' नावाची एक्सेलची फाइल माझ्यासमोर संगणकावरून काढून टाकली.

निघताना दुकानाच्या पायरीवर थांबून म्हणाले, "ते २०१६ ला संपलं. तुझ्या बाबांनी पूर्ण केलं. एवढंच सांगतो, पुढे विचारू नकोस."

मी विचारलं नाही. जे मी बघायला नको होतं ते मी बघितलं, आणि जे त्यांनी सांगायला नको होतं ते त्यांनी सांगितलं, हे दोघांनाही कळत होतं. तीन आठवडे झाले. आईला अजून काही बोललो नाही.