हिरवा पट्टा, नारिंगी पक्षी

ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम पार्कला गाडी लावली की लगेच आत जाता येत नाही. मध्ये एक मोठं तळं आहे. ते फेरीबोटीनं ओलांडायचं, नाहीतर मोनोरेलनं वळसा घालून जायचं. 2019 च्या मार्चमधल्या त्या सकाळी आम्ही तिघं फेरीबोटीच्या कठड्याला टेकून उभे होतो. समोर किल्ला हळूहळू मोठा होत होता, मोबाइल वर झाले होते आणि आमची पाच वर्षांची लेक मान खाली घालून स्वतःच्या गळ्यातला पट्टा बघत होती. पट्ट्यावर टोचून लावलेल्या, छोट्या रंगीत चित्रांच्या आठ पिना होत्या. ती एकेक चाचपून मोजायची, आठ झाल्या की पुन्हा पहिल्यापासून.

मैत्रिणीची मुलगी आता त्याच वयाची झालीय आणि ते पहिल्यांदाच ऑर्लँडोला निघालेत. "पिन ट्रेडिंगचं काय ते सांग ना," म्हणजे पिनांची अदलाबदल कशी करायची ते, असा तिचा मेसेज आला, म्हणून ही सहल लिहून काढतेय.

सुरुवात ऑर्लँडोत झालीच नाही, आमच्या अटलांटातल्या गल्लीत झाली. शेजारी एक सत्तरीच्या बाई राहतात. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर बुचाचा फळा आहे आणि त्यावर 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या पिना खोचलेल्या आहेत. त्या उन्हाळ्यात सेंटेनियल ऑलिंपिक पार्कात जगभरचे लोक पिना बदलायला जमायचे, आणि बाई कामावरून सुटल्या की रोज तिकडे जायच्या. भाषा येवो न येवो, बोटानं दाखवायचं, मान हलवायची, झाला सौदा. लेक त्या फळ्यासमोर अर्धा अर्धा तास उभी राहायची, पण बाईंशी एक शब्द बोलायची नाही. घरात मराठीत तिचा धबधबा असायचा. दाराबाहेर इंग्रजी सुरू झालं की ओठ शिवलेले, चेहरा माझ्या ओढणीत. ऑगस्टमध्ये किंडरगार्टन सुरू होणार होतं आणि मला त्या काळजीनं झोप लागत नसे.

आम्ही निघणार हे कळल्यावर बाईंनी फळ्यावरची एक पिन काढली. त्या ऑलिंपिकचा मॅस्कॉट, इझी. निळा रंग, मोठे डोळे, पायात बूट. लेकीच्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "ही तुला. पण ट्रेड आहे हं. येताना मला तिथली एक आणायची, तुझ्या पसंतीची." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तिच्या वतीनं तू मागू नकोस. आणि काय द्यायचं, काय घ्यायचं, ते तिलाच ठरवू दे." या दोन वाक्यांपलीकडे मला अजूनही फारसं काही सांगायचं नाही. तरी सगळं सांगते, कारण ती दोन वाक्यं पाळणं मला जड गेलं होतं.

वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये हा प्रकार ऑक्टोबर 1999 मध्ये, नव्या सहस्रकाच्या सोहळ्याबरोबर सुरू झाला. तिथले कर्मचारी, त्यांना कास्ट मेंबर म्हणतात, गळ्यातल्या पट्ट्यावर पिना लावून असतात. पट्ट्याला लॅनयार्ड म्हणतात. आपली पिन द्यायची, त्यांची एक घ्यायची. आपली पिन धातूची, अस्सल डिस्नेची आणि धड अवस्थेतली हवी, आणि तशीच पिन त्यांच्या पट्ट्यावर आधीच नको. एका कास्ट मेंबरकडून दिवसाला दोन. पैसे देऊन त्यांच्याकडची पिन मिळत नाही, आणि मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. पाच वर्षांच्या मुलीचा खिसा आणि तिच्या बापाचा खिसा तिथे सारखाच. आपली पिन नियमात बसत असेल तर कास्ट मेंबर नाही म्हणत नाहीत. तेव्हा काहींच्या गळ्यात हिरवा पट्टा असायचा. ते फक्त मुलांशीच बदल करायचे, मोठ्यांनी कितीही गोड बोललं तरी नाही.

महिनाभर आधीपासून घरी तालीम चालली होती. बाबा कास्ट मेंबर. गळ्यात जुन्या ऑफिसची दोरी, तिला कपड्यांचे चिमटे. लेकीनं समोर जाऊन डोळ्यांकडे बघायचं आणि "मे आय ट्रेड?" म्हणायचं. दुसऱ्याच्या पट्ट्याला हात लावायचा नाही, नुसतं बोट दाखवायचं. आपली पिन मागचं रबर लावूनच द्यायची, म्हणजे कुणाला टोचत नाही. बाबांसमोर हे सगळं झक्क जमायचं. पिनेची सुई चांगलीच टोकदार असते आणि रबर बारीक, तेव्हा तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर हा खेळ थोडा पुढे ढकला.

तयारीत एक चूकही झाली. पार्कातल्या दुकानात तेव्हा एक पिन साधारण दहा-बारा डॉलरच्या पुढे पडायची, म्हणून मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून पन्नास पिनांचं पाकीट स्वस्तात मागवलं. ते आलं तेव्हा मी खुशीत शेजारच्या बाईंना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावला, एक पिन उचलली आणि नखानं कड चाचपली. कड खरखरीत. रंग काठापर्यंत भरलेला नाही, मध्ये खळगा पडलेला. मिकीचा कान किंचित चेपलेला. पिन उलटी केली. अस्सल पिनेच्या पाठीवर बहुधा मिकीच्या डोक्यांची बारीक नक्षी असते आणि ती थेट कडेपर्यंत जाऊन तिथे कापली जाते. इथे नक्षीभोवती काठ आलेला होता. पन्नासातल्या निम्म्याहून जास्त नकली निघाल्या. या धंद्यात अशा पिनांना स्क्रॅपर म्हणतात.

एक सोपा मार्ग होता. कास्ट मेंबर प्रत्येक पिन उलटीपालटी करून बघत बसत नाहीत, त्यामुळे त्या खपल्या असत्या. पण त्यांच्या पट्ट्यावर गेलेली नकली पिन पुढे कुणातरी मुलाच्याच हातात जाणार. मी लेकीला हे जसंच्या तसं सांगितलं. तिनं विचारलं, "मग त्या बाळाला रडू येईल?" मी म्हटलं, "कळलं तर येईल." तिनं त्या सगळ्या एका डब्यात भरल्या आणि डब्याला "खोट्या" असं नाव दिलं. शंका येईल ती प्रत्येक पिन बाजूला काढल्यावर खात्रीच्या सातच राहिल्या. त्या सात आणि इझी, मिळून आठ.

अटलांटाहून आय-75 हायवेनं दक्षिणेला सात तास. दशम्या आणि तिळाची चटणी गाडीतच संपली. बाकी रस्त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पार्कात शिरल्यावर लागणाऱ्या मेन स्ट्रीटवरच्या पहिल्याच दुकानात एक तरुण मुलगी पट्टा लावून उभी होती. लेक तिच्यापासून दोन पावलांवर जाऊन थांबली. तोंड उघडलं, शब्द नाही. पुन्हा उघडलं. मग वळली आणि माझ्या मांडीत तोंड खुपसलं. माझ्या ओठांवर वाक्य आलंच होतं, शी वुड लाइक टू ट्रेड. गिळलं. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "चल, पुढे बघू." बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आई, आवाज येतच नाही."

पार्काच्या ॲडव्हेंचरलँड या भागात सनशाइन ट्री टेरेस नावाचा स्टॉल आहे, तिथे आइस्क्रीम घ्यायला थांबलो. वर एक छोटा पक्षी बसवलेला आहे. डोकं म्हणजे अख्खं संत्रं, पंख म्हणजे संत्र्याची पानं. हा ऑरेंज बर्ड. फ्लोरिडातल्या संत्री-मोसंबी बागायतदारांच्या मंडळानं इथला एक भाग प्रायोजित केला तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या तोंडावर, तो त्यांच्यासाठी तयार केला गेला. करार संपल्यावर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो दिसेनासा झाला आणि 2012 मध्ये परत आला. त्याची गोष्ट मी निघण्याआधी वाचली होती, ती तिथेच बाकावर बसून सांगितली. या पक्ष्याला गाता येत नाही, बोलताही येत नाही. मनात जे येतं ते नारिंगी धुराच्या ढगासारखं डोक्यावर उमटतं.

लेकीचं आइस्क्रीम मनगटापर्यंत ओघळलं तरी तिचं लक्ष नव्हतं. "मग त्याला मित्र कसे मिळतात?"

"लोक थांबून बघतात ना त्याचे ढग."

"सगळे थांबतात?"

"सगळे नाही. काही."

तिथून फ्रंटियरलँड लागूनच आहे आणि तिथलं फ्रंटियर ट्रेडिंग पोस्ट हे पिनांचंच दुकान. लाकडी फळ्यांचं, थोडं अंधारं. आत एक पांढऱ्या मिशांचे आजोबा उभे होते, गळ्यात हिरवा पट्टा. लेकीला बघितल्याबरोबर ते एका गुडघ्यावर बसले, पट्टा दोन्ही हातांनी पसरून तिच्या डोळ्यांसमोर धरला आणि गप्प राहिले. हाय स्वीटी नाही, नाव काय नाही. खालून दुसऱ्या ओळीत, डावीकडे, तो पक्षी होता. नखाएवढा.

तिचं बोट वर गेलं आणि हवेत थांबलं. आजोबा थांबले. मागे एक कुटुंब येऊन उभं राहिलं, तेही थांबले. मला माझ्या कानात माझंच हृदय ऐकू येत होतं. आणि मग, दुधाला साय धरावी इतक्या हळू, आवाज आला, "मे आय ट्रेड?"

"ऑफ कोर्स," आजोबा म्हणाले. "विच वन फॉर मी?"

आता द्यायची कुठली? आधी तिनं इझीवर बोट ठेवलं आणि आजोबांकडे बघितलं. ते हसले, इझीला त्यांनी ओळखलं होतं. म्हणाले, ही डिस्नेची नाही म्हणून मला घेता येत नाही, पण मी तुझ्या जागी असतो तर कधीच दिली नसती. मग तिनं बाकीच्या सातही पिनांवरून बोट फिरवलं आणि किल्ल्याच्या पिनेवर थांबली. ती माझी लाडकी पिन. चकाकीची, दोन थरांची, सगळ्यात महाग. एवढ्याशा पक्ष्यासाठी ती? माझा हात पुढे झालाच होता. नवऱ्यानं कोपर धरलं.

रबर घट्ट होतं. तिनं नखानं ओढलं, फिरवलं, जीभ बाहेर काढून पुन्हा ओढलं. पिन पट्ट्यातून काढली, रबर परत लावलं आणि दोन बोटांत धरून दिली, घरी शिकवलं होतं तसंच. आजोबांनी पक्षी तिच्या तळहातावर ठेवला आणि खालच्या कोपऱ्यात दडलेला बारीकसा मिकी दाखवला. अशा पिनांना हिडन मिकी म्हणतात. त्या आधी कास्ट मेंबरांच्या पट्ट्यांवर यायच्या, म्हणून बदलूनच मिळवाव्या लागायच्या. आजोबांच्या बिल्ल्यावर नावाखाली गावही होतं, सगळ्यांच्याच असतं. लेक तेव्हा अक्षरं जुळवायला लागली होती. बाहेर पडता पडता तिनं विचारलं, "बाबा, ओहायो कुठे आहे?"

पुढच्या चार दिवसांत तिनं एकोणीस वेळा पिना बदलल्या. प्रत्येक वेळी आधी बिल्ला वाचायचा, मग पट्टा. एक पिन कपबशांच्या राइडमध्ये रबर निसटून गेली आणि त्या संध्याकाळी रडून रडून ताप येतो की काय असं झालं. दुसऱ्या दिवशी लॉक होणाऱ्या मागच्या टोप्या आणल्या. ठेवायच्या पिनांना लॉक, बदलायच्या पिनांना साधं रबर. तुम्ही हे पहिल्या दिवशीच करा.

एपकॉट या डिस्ने वर्ल्डमधल्याच दुसऱ्या पार्कात जे झालं ते मात्र मला पाठ आहे. पाहुणेही आपापसात पिना बदलतात. बाकावर एक बाई मोठी चेनची वही उघडून बसल्या होत्या, आत ओळीनं पिना. त्यांना लेकीचा पक्षी आवडला. बदल्यात दोन देते म्हणाल्या, मग तीन. वाईट काही नव्हतं त्यात, मोठे लोक असे सौदे करतात. पण मोठ्या माणसानं तीन-तीनदा विचारलं की लहान मूल दबून हो म्हणतं. कास्ट मेंबरला पिन नियमात असेल तर घ्यावीच लागते, पाहुण्यांना तसं बंधन नाही आणि मुलांनाही नाही. हे मी तिला सांगायला विसरले होते. मी सांगणार एवढ्यात तिनं पक्ष्यावर तळवा ठेवला. "नो, थँक यू." मोठ्यानं, शेजारच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. बाई मनापासून हसल्या आणि वही मिटली.

मैत्रिणीसाठी एक सूचना. कोविडनंतर बऱ्याच दुकानांत पट्ट्यांऐवजी पिनांचे फळे आले. पद्धत तीच, फळ्यावरची दाखवायची आणि आपली द्यायची. पण जिथे पट्टा घातलेलं माणूस दिसेल तिथे आधी जा. फळा गुडघ्यावर बसत नाही.

परतताना सात तासांतले निदान दोन तास गाडीत एकच प्रश्न होता, शेजारच्या आजींना कुठली द्यायची. मला वाटलं होतं ती सगळ्यात नावडती काढेल. पक्षी द्यायचा नाही, हे तिनं लगेच ठरवलं. उरलेल्या ती मांडीवर मांडून बसली, अटलांटाच्या अलीकडचं मॅकन गाव येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या दारात ती माझ्या पुढे उभी राहिली. मूठ उघडली. मोनोरेलची पिन होती, लाल रेघेची, साधीशी. बाईंनी चष्मा लावला, उलटी करून पाठ बघितली, मान डोलावली आणि फळ्यावर इझीच्या रिकाम्या जागी खोचली. मग विचारलं, "हीच का गं?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं नाही. "बिकॉज युअर नीज हर्ट," ती म्हणाली, "अँड ऑन धिस वन यू कॅन सिट."