किला गेटकडून ग्वाल्हेरचा किल्ला: चढणाऱ्याला आधी वाट द्या

"रस्ता चांगला रुंद आहे, सकाळी कोणी नसतं, मास्क खिशात ठेवलात तरी चालेल," असं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका ओळखीच्या काकांनी आम्हाला कोविडच्या काळात सांगितलं होतं. रस्ता रुंद आहे, हे खरं. बाकीच्या दोन गोष्टींवर मुळीच विसंबू नका.

१६ जून २०२१ ला पुरातत्त्व खात्याची स्मारकं पुन्हा उघडली. एप्रिलच्या मध्यापासून सगळं बंद होतं, त्यामुळे लोक मोकळ्या हवेला आसुसलेले. महिनाअखेरच्या शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघं किला गेटला पोहोचलो, तेव्हा चढावर जत्रेसारखी वर्दळ होती.

त्याआधी ऑटोचं सांगतो. शहरातल्या महाराज बाडा चौकातून निघताना "कोविड है, दो ही सवारी" म्हणून दोनशे रुपये ठरवून घेतले, आणि फूलबागेपाशी तिसरा माणूस पुढच्या सीटवर बसवला, मास्क हनुवटीवर. जास्तीचे पैसे घेतले ते ज्या कारणासाठी, तेच मोडलं. बसण्याआधी स्पष्ट बोलून घ्या. तिसरी सवारी बसली की उतरा.

आता चढ. आलमगिरी दरवाजातून आत गेलं की गुजरी महाल, आणि तिथून वरच्या हाथी पोल दरवाजापर्यंत फरसबंदी, सरळ अंगावर येणारी. वाट रुंद असली तरी दरवाजे अरुंद आहेत, आणि जूनमध्ये सावली फक्त दरवाजांतच मिळते. म्हणून जो तो तिथेच टेकतो. गणेश दरवाजात दोन्ही अंगांना मुलं बसलेली, एकच पाण्याची बाटली हातोहात फिरत होती, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी जागा. खालून काठी टेकत एक आजोबा वर येत होते, धाप लागलेली. त्याच वेळी वरून पोरांचा घोळका मोबाईल उंचावून खाली आला. आजोबा भिंतीला चिकटून उभे राहिले. मास्क नाकावर ओढायलाही त्यांना हात मोकळा नव्हता. घोळका त्यांच्या तोंडावरून हसत-बोलत निघून गेला. ही म्हणाली, "भैया, पहले बाबूजी को निकलने दो." मागची दोन-तीन मुलं लगेच थांबली, एकाने माफीही मागितली. म्हणजे मुलं वाईट नव्हती, त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं.

तर सांगतो. चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. त्याची लय एकदा मोडली की पुन्हा धरणं कठीण, शिवाय त्याचा श्वास जोरात आणि खोल चाललेला असतो. उतरणाऱ्याला थांबायला काही त्रास नाही. पण थांबायचं ते कमानीच्या बाहेर, उघड्यावर, तोंड दरीकडे करून. कोविडचा विषाणू हवेतून पसरतो. उघड्यावर श्वास विरून जातो, कमानीखाली माणसं दाटली की तिथेच रेंगाळतो. समोर माणूस दिसला की मास्क नाकावर घ्या, हाताच्या अंतरावर आल्यावर घेऊन उपयोग नाही. कोणाच्या पुढे जायचं असेल तर मागून लांबूनच आवाज द्या. मोठा ग्रुप असेल तर एकामागून एक चाला. आणि गुटखा थुंकणाऱ्याला मी तरी तिथल्या तिथे टोकणार.

वाटेत लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. इ.स. ८७६ च्या तिथल्या शिलालेखात २७० या आकड्यातलं शून्य आजच्यासारखंच गोल कोरलेलं आहे. ते बघायची मला किती वर्षांची इच्छा! पण मंदिर एवढंसं, आणि आत मास्क काढून सेल्फी चाललेले. आम्ही बाहेर बराच वेळ ताटकळलो आणि न बघताच पुढे गेलो. एका वेळी एकाच घरातली माणसं आत, एवढं पाळलं तरी सगळ्यांना दर्शन होईल.

घामाने भिजलेल्या मास्कमधून श्वास घेणं जड जातं आणि तो पुरेसा कामही करत नाही. कोरडा जास्तीचा मास्क जवळ ठेवाच. दम लागला तर मास्क काढण्याआधी वेग कमी करा.

वर मानमंदिर महाल, सासबहू मंदिर, तेली का मंदिर, गुरुद्वारा, सगळीकडे ऐसपैस जागा. काही अडचण नाही. फक्त मानमंदिराची तिकीटखिडकी तेव्हा बंद होती, तिकीट ऑनलाइनच मिळत होतं, ते घरूनच काढून निघावं लागे.

उतरताना मात्र आल्या वाटेने येऊ नका. किल्ल्याच्या पश्चिमेकडच्या उरवाई दरवाजाकडून उतरा. सगळ्यांनी किला गेटकडून चढून उरवाईने उतरायचं ठरवलं, तर दरवाजात समोरासमोर यायची वेळच येणार नाही. या उतारावर गाड्या असतात, फुटपाथ नाही, म्हणून कडेने एकेरी चाला, लहान मुलांचा हात सोडू नका. कड्यातल्या जैन मूर्ती बघायला थांबायचं असेल तर रस्ता सोडून आत उभे राहा. खाली ऑटो मिळतात. भाडं आणि सवाऱ्या, दोन्ही आधीच ठरवा.