रत्नागिरी दोन दिवसांत, आणि "हे काय, इथंच"चा हिशोब

रत्नागिरीत कुणालाही पत्ता विचारा, उत्तर एकच येतं: "हे काय, इथंच." फसवायचा हेतू नसतो. ज्याचा जन्म सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, बंदरावर आणि बंदरावरून परत सड्यावर करण्यात गेला, त्याला ते खरंच इथंच वाटतं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी अकरा वाजता, रात्रभर ट्रेनमध्ये अर्धवट झोपून आलेल्या मला आणि माझ्या नणंदेला ते तसं वाटलं नाही. म्हणून हे लिहितेय. आम्ही दोघी वर्षाला चार-पाच किल्ले करतो, चालायचं वावडं नाही, पायात नीट बूट होते. तरी जीव गेला.

जाण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रत्नागिरी सपाट गाव नाही, ते पायऱ्या-पायऱ्यांचं आहे. रेल्वे स्टेशन वर, कुवारबाव बाजूला, शहरापासून सहा-सात किलोमीटर. बाजारपेठ आणि एसटी स्टँड मध्यावर. थिबा राजवाडा पुन्हा वर, खाडीच्या काठावरच्या उंचवट्यावर. मांडवी आणि राजिवडा पार खाली, पाण्याला लागून. आणि रत्नदुर्ग किल्ला, ज्याला इथे भगवतीही म्हणतात, समुद्रात घुसलेल्या भूशिरावर, म्हणजे खाली उतरा आणि मग परत चढा. मोबाइलच्या नकाशात हे सगळं एका तळहाताएवढं आणि सपाट दिसतं. आमची अर्धी चूक तिथेच झाली.

उरलेली अर्धी स्टेशनवर. शनिवारी रात्री मुंबईहून निघालेली गाडी उजाडायच्या आत रत्नागिरीला सोडते. बाहेर रिक्षा उभ्या असतात. "दादा, मांडवीजवळ जायचंय, मीटरने येणार?" "मीटर नाय ओ ताई, ठरलेला रेट आहे." ठरलेला रेट साडेतीनशे. कुणी, कधी, कुणाबरोबर ठरवला ते विचारायचं त्राण नव्हतं. दिले. सोमवारी रात्री त्याच हॉटेलपासून त्याच स्टेशनला, आंब्याची पेटी धरून, दुसऱ्या रिक्षावाल्याने दोनशे घेतले आणि पेटी स्वतः उचलून ठेवली. तेव्हा पहिल्या रिक्षात बसू नका. उजाडेपर्यंत स्टेशनवर चहा प्या. आपल्याच गाडीतून उतरलेलं एखादं कुटुंब शहरात जाणार असेल तर त्यांना सरळ विचारून रिक्षा वाटून घ्या. दिवसा पोचणार असाल तर एसटीची शहर बस आहे, तिकीट किरकोळ. पावसाळ्यात जाणार असाल तर कोकण रेल्वेचं वेगळं, संथ वेळापत्रक असतं, उन्हाळ्यातल्या वेळा गृहीत धरू नका.

हॉटेलने फोनवर सांगितलं होतं "समुद्रासमोर". समुद्र दिसतो, बाथरूमच्या खिडकीतून, बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं तर. ते चालेल, झोपायलाच जायचं असतं. पण खोली मिळणार बाराला, आणि आम्ही पोचलो सहाला. बॅगा काउंटरवर टाकल्या, घावने-चटणी खाल्ली, मांडवीच्या जेटीवर बसलो, फिरलो, परत बसलो. मांडवीची वाळू काळी, म्हणून या बाजूला काळा समुद्र म्हणतात. शेवटी कंटाळून एका काकांना विचारलं, किल्ला किती लांब. "भगवती? हे काय, इथंच. चालत जाल."

तो मांडवी ते रत्नदुर्ग टप्पा. अडीच-तीन किलोमीटर असेल, आकडा ऐकून हसू नका. सावली नाही. वारा समुद्रावर आहे, रस्त्यावर नाही. मिरकरवाडा बंदराच्या बाजूने जाताना खाली मासळीचं पाणी, बाजूने बर्फाचे टेम्पो, आणि आपण मधे अंग चोरून. बंदर बघण्यासारखं आहे यात वाद नाही, पण ते पहाटे, होड्या लागतात आणि लिलाव चालतो तेव्हा. अकरा वाजता उरतात टोपल्या आणि वास. मग चढ लागतो. हवेतल्या दमटपणाने घाम वाळत नाही, नुसता वाहतो. सह्याद्रीत दुप्पट चढाला मी इतकी दमले नव्हते. नणंद एरवी बडबडी, ती अर्ध्या वाटेपासून गप्प झाली आणि एका वळणावर एवढंच म्हणाली, "वहिनी, इथंच म्हणजे कुठंच?"

वर पोचल्यावर काय बघावं? गाड्या लागलेल्या. बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांपर्यंत डांबरी रस्ता आहे, रिक्षा थेट तिथे सोडते, पायऱ्याही मोजक्याच. एसी गाडीतून आलेलं एक बिऱ्हाड केस विंचरत फोटो काढत होतं. त्यांच्याकडे बघून जे वाटलं ते लिहीत नाही.

किल्ला मात्र खणखणीत. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंनी पाणी, बहामनी काळापासूनचा. 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला. बालेकिल्ल्यात भगवती देवीचं देऊळ, आतला गारवा त्या दिवशी देवीपेक्षा आधी पावला. तटावरून एकीकडे बंदर, दुसरीकडे उघडा समुद्र. आणि समोर, दुसऱ्या टेकाडावर, दीपगृह. प्रसाद देणाऱ्या बाईंना विचारलं. उत्तर तुम्हाला माहीत आहे. गेलो नाही, आणि बरंच झालं, कारण परतीच्या रिक्षावाल्याने सांगितलं की दीपगृह दुपारनंतर उघडतं. तेव्हा किल्ला संध्याकाळी चारच्या पुढे करा, आधी दीपगृह, मग देऊळ, मग तटावर सूर्यास्त. जाताना रिक्षा करा, परत येताना उतार आहे, तेव्हा हवं तर चाला. सकाळी अकरा ते साडेतीन रत्नागिरीत माणसाने जेवावं आणि पंखा लावून पडावं.

आम्ही उरलेला रविवार तेच केलं. सुरमई थाळी, सोलकढी दोन वाट्या, झोप. मासे खायलाच जाणार असाल तर 1 जून ते 31 जुलै टाळा. त्या काळात यांत्रिकी होड्यांची मासेमारी बंद असते आणि ताटात बर्फातलं येतं. संध्याकाळी भाट्ये. लांबच लांब किनारा, सुरूची झाडं, टोकाला झरी विनायकाचं देऊळ. छान वाटलं, आणखी काही सांगण्यासारखं नाही.

सोमवारची चूक सर्वस्वी माझी. थिबा राजवाड्यासाठी मी ही सहल काढली होती. थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा, आताच्या म्यानमारचा, शेवटचा राजा, 1885 मध्ये इंग्रजांनी गादीवरून काढला, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला. राजवाडा पुरा झाला 1910 मध्ये. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं तो दुसऱ्यांच्या बंगल्यांत राहिला आणि स्वतःच्या घरात जेमतेम सहा वर्षं काढून 1916 मध्ये गेला. राणी 1919 मध्ये मायदेशी परतली, थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीचीच झाली. एवढं सगळं वाचून गेले आणि सोमवारी राजवाड्यातलं संग्रहालय बंद असतं, हे वाचलं नाही. फाटकातून लाल इमारत आणि उतरतं छप्पर दिसलं. पहारेकऱ्याने दया येऊन "थिबा पॉइंट बघा ना ताई, हे काय..." म्हणताच नणंदेने हात जोडले. ते मात्र खरोखरच जवळ निघालं. खाली भाट्याची खाडी, पूल, राजिवड्याच्या होड्या, पलीकडे समुद्र. दहा मिनिटांत राग उतरला. राजा आणि धाकटी राणी यांच्या समाध्या शिवाजीनगर भागात आहेत. अगदी साध्या, आजूबाजूला वस्ती. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. आम्हाला आतून राजवाडा न दिसल्याची भरपाई त्या समाधीपाशी झाली, म्हणून सांगते, वगळू नका.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आणि पतितपावन मंदिर ही दोन्ही गावातच, सकाळच्या दोन तासांत होतात. घर कौलारू, थंड, आत फोटो आणि कागदपत्रं. पतितपावन 1931 चं, भागोजीशेठ कीरांच्या पैशाने उभं राहिलेलं. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश हा त्यामागचा मुद्दा. देऊळ म्हणून बघाल तर पाच मिनिटांत बाहेर याल. तेव्हाच्या रत्नागिरीत याचा अर्थ काय असेल, याचा विचार करत बसलात तर वेळ लागेल.

दुपारनंतर गणपतीपुळे, आरे-वारे या जुळ्या किनाऱ्यांवरून जाणाऱ्या रस्त्याने, साधारण पंचवीस किलोमीटर. रिक्षावाला किंवा गाडीवाला निवळीवरून न्यायला बघेल. आधीच "आरे-वारेवरूनच" असं ठरवा, नाहीतर मुख्य आकर्षण हुकतं. वरच्या वळणावर उतरून फोटो काढा. खाली पाण्यात जाऊ नका. दोन्ही किनारे फसवे आहेत, ओढ जबरदस्त, आणि पोहता येणारी माणसंही तिथे बुडाली आहेत. पुळ्यात दर्शन झालं, टेकडीला प्रदक्षिणा झाली, उकडीचे मोदक झाले. अंगारकीला मात्र चुकूनही जाऊ नका.

आता आंबे. पुळ्याच्या वाटेवर पत्र्याच्या शेडमध्ये डझनाला नऊशे सांगितले, पेटीवर ठळक "रत्नागिरी हापूस". वरचा थर देखणा. नणंदेने हात घालून खालचा थर काढायला लावला, तर फळ वेगळं, साल जाड, देठापाशी नाक नेलं तर वासाचा पत्ता नाही. कर्नाटकचा माल कोकणच्या पेटीत भरणं हा जुना धंदा आहे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून तो थांबलेला नाही. रत्नागिरीच्या बाजारात, घर-बाग असलेल्या एका आजींकडून सहाशेने घेतले. त्यांनी स्वतः प्रत्येक फळ दाबून, "हा मंगळवारी खा, हा शनिवारी" असं सांगून गवतात रचून दिलं. घेताना पूर्ण पिकलेले घेऊ नका, ट्रेनमध्ये उकडतात. पेटी वरच्या बर्थवर न ठेवता खाली सीटखाली ठेवा, आणि सुतळीने आडवी-उभी बांधून घ्या. आमची एकाच बाजूने बांधलेली होती, पनवेलला उघडली.