तुम्ही विचारलंत म्हणून: भिरंडात (म्हणजे कोकमात) तुम्ही काय सुधारणार?

चतुर्थीला गावी गेलो की आरती झाल्यावर पानं मांडेपर्यंतच्या वेळात हा प्रश्न हमखास येतो. मी फोंड्याकडे रसायनशास्त्र शिकवतो आणि वनस्पतींतल्या द्रव्यांशी खटपट करतो, हे आता गावभर झालंय. मग सोप्यावर बसलेले कुणी काका विचारतात, "झाडात देवानं घातलंय ते चांगलंच असणार ना? त्यात केमिकल घालून तुम्ही काय सुधारणार?" गेल्या मेमध्ये वहिनीनं हाच प्रश्न उलटा करून विचारला. वजन उतरवायच्या गोळ्यांची जाहिरात मोबाईलवर दाखवून म्हणाली, "भिरंडाचंच आहे ना, मग घ्यायला काय हरकत?"

मला दोन्ही प्रश्न एकच वाटतात. झाडाचं नाव पुढे आलं की आपण निर्धास्त होतो.

झाड आपल्यासाठी काही करत नाही, इथून मी सुरुवात करतो. काजूचंच घ्या. लहानपणी भाटात बिया भाजताना एक अर्धीकच्ची बी मी दातांनी फोडली आणि आठवडाभर ओठांवर फोड घेऊन शाळेत गेलो. टरफलातल्या त्या तेलात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. सहा कार्बनांचं एक कडं, त्याला एक आम्लगट, शेजारी हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि मागे पंधरा कार्बनांचं लांबलचक शेपूट. बी नीट तापली की आम्लगट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. उरतो तो कार्डॅनॉल. रंगांत आणि गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात तो वापरतात. म्हणजे काजू भाजणारी बाई रोज रेणू बदलत असते, पण 'केमिकल घातलंस' असं तिला कुणी म्हणत नाही.

याच आम्लाची पुढची गोष्ट बंगळूरची. तिथल्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तपस कुंडू यांच्या गटानं २००३ साली दाखवलं की अ‍ॅनाकार्डिक आम्ल पी३०० नावाच्या एन्झाइमला अडवतं. आपला डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. पी३०० त्या रिळांवर छोट्या खुणा चिकटवतं आणि कुठली जनुकं वाचली जायची, हे त्या खुणांवर बरंचसं ठरतं. मग त्यांनी त्याच आम्लाचा आम्लगट अमाइड करून दुसऱ्या एका कड्याला जोडला आणि हायड्रॉक्सिलवर इथाइलचं झाकण बसवलं. शेपूट होतं तसंच ठेवलं. हा नवा रेणू, सीटीपीबी, पी३००ला अडवायचं सोडून पुढे ढकलायला लागला. ब्रेकचा अ‍ॅक्सिलरेटर झाला! वर्गात इथवर आलो की मागच्या बाकावरचेही फोन खाली ठेवतात. (पुढचं रडगाणं मी त्यांना नंतर सांगतो: सीटीपीबी पेशीच्या आत शिरायलाच फारसं राजी नव्हतं.)

आता भिरंड. सालीचा तांबडा रंग अँथोसायनिनचा. पण त्याच सालीत गार्सिनॉल नावाचं एक पिवळं द्रव्यही असतं. त्याच प्रयोगशाळेनं २००४ मध्ये दाखवलं की गार्सिनॉलही पी३००ला अडवतं, फक्त ते भलतंच सढळ हाताचं आहे. पी३००बरोबर दुसऱ्या एका एन्झाइमलाही अडवतं आणि पेशींनाही मारतं. आम्लाची प्रक्रिया केली की त्याच्या रेणूत एक नवं कडं जुळतं आणि आयसोगार्सिनॉल तयार होतं. त्यावरच्या एका ठरावीक हायड्रॉक्सिलवर नुसता एक मिथाइल बसवला की एलटीके-१४. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस्स. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार हा रेणू पी३००लाच धरतो, टी-पेशींना (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींना) फारसा त्रास देत नाही आणि त्या पेशींमधली एचआयव्हीची वाढ दाबतो. हे सगळं प्रयोगशाळेतल्या भांड्यांतलं, औषधाच्या दुकानातलं नव्हे. पण काकांच्या 'काय सुधारणार'ला माझ्याकडे याहून नेमकं उत्तर नाही.

सुधारायला जाऊन बिघडवलेलंही आहे आणि तेही आपल्या सह्याद्रीतल्या झाडाशी जोडलेलं. नरक्या. नावाप्रमाणेच घाण वास. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच नरक्यात असल्याचं दाखवलं. अडचण एकच, ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून अल्कलीनं त्याच्या रेणूतलं एक कडं उघडून सोडियमचा क्षार केला. झकास विरघळला. रुग्णांना दिला, तर रक्त तयार करणारी अस्थिमज्जा खचली, लघवीतून रक्त जायला लागलं आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. गुण होता तो त्या मिटलेल्या कड्यात, आणि विरघळवण्यासाठी उघडलं होतं नेमकं तेच. उघडलेलं कडं मूत्राशयातल्या आंबट लघवीत पुन्हा मिटायचं आणि तिथलं अस्तर जाळायचं. नंतरच्या लोकांनी त्या कड्याला हात न लावता दुसऱ्या टोकाला पाण्याशी जमणारे गट बसवले. त्यातून टोपोटेकन आणि इरिनोटेकन निघाली. १९९६ मध्ये अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली, म्हणजे मूळ शोधानंतर तीस वर्षांनी. इरिनोटेकननं जुलाब होतात ते होतातच.

वहिनीला मी यातलं निम्मंच सांगितलं. तिच्या गोळ्यांवर बारीक अक्षरात कोकमाच्या चुलतभावाचं, मलबारी चिंचेचं नाव होतं आणि आत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाचा कॅल्शियम क्षार. हे आम्ल १९६५ साली म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेत ओळखलं गेलं. नुसतं ठेवलं तर ते स्वतःशीच गाठ मारून लॅक्टोन होतं आणि ढिलं पडतं, म्हणून क्षार करतात. रसायनशास्त्र ठीक आहे. पण १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत १३५ जणांवर बारा आठवडे पाहिलं, तर खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा वजनात काही वेगळा फरक पडला नाही, आणि अशा गोळ्यांनंतर यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. "अगं, सोलकढी आपण पिढ्यान्‌पिढ्या पितो, ही गोळी नाही," मी म्हटलं. "कढीचं प्रशस्तिपत्र हिच्या गळ्यात बांधू नकोस."

काकी पलीकडे खळ्यात सोलं परतत होती. मी उत्साहानं तिलाही सांगायला गेलो, की काकी, तूही तेच करतेस. रस देऊन देऊन उन्हात वाळवताना तुझ्या सोलांतलं थोडं आम्ल अशीच गाठ मारून बसतं.

"कढीच्या चवीला फरक पडतो?"

"नाही गं."

"मग तेवढी सुपं उचल. पाऊस येतोय."