टेंपोवर नव्हताच, स्कूटीवर होता

"बाई, मी टेंपोर खंय होतंय? स्कूटीर होतंय!"

गेल्या वर्षीच्या शिमग्यात, सकाळी आठ वाजता, माझ्या वकिलीच्या ऑफिसच्या पायरीवर बसून तो हे चौथ्यांदा सांगत होता. शेजारी आई, पदराने डोळे पुसत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. आमच्या तालुक्यात तेवढ्यानेही भागत नाही, पण असो.) तिशीच्या आतला मुलगा. देवगडच्या बागांतून आंब्याच्या पेट्या टेंपोत भरायच्या आणि रात्रीत घाट चढून वाशी मार्केट गाठायचं, हा धंदा. पालखी नाचवून घरी परतताना तिठ्यावर नाकाबंदी लागली. मशीनमध्ये फुंकायला लावलं. आकडा आला ७८.

कायद्याची हद्द ३० ची. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५, दारू पिऊन गाडी चालवण्याचं. त्यात 'गाडी चालवणे' आहे तसंच 'चालवण्याचा प्रयत्न करणे'ही आहे, आणि स्कूटीही मोटार वाहनच. गोव्यात चालतं, आपल्याकडेच पकडतात, असं पत्रादेवीचा गोव्याच्या हद्दीवरचा नाका ओलांडून येणारे सगळे मला ऐकवतात. कायदा केंद्राचा आहे हो, तिकडेही ३० च.

त्याला घाई होती दंड भरण्याची. "भरूया आणि मोकळे होवया." पण हे सिग्नल तोडल्याचं चलन नव्हे, जागेवर पैसे देऊन मिटत नाही. कोर्टात उभं राहावंच लागतं. पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आज 'कबूल' म्हणून सही केली की उद्याच्या गुन्ह्याला तो 'दुसरा' म्हणायची सोय होते, हे पायरीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात नसतं.

मी आधी कागद मागवले. या केसमध्ये वकिलाचं निम्मं काम घड्याळ वाचण्याचं असतं. अटक केली असेल तर २ तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर माणसाला सोडावं लागतं. आमच्याकडे रात्री ग्रामीण रुग्णालय गाठेपर्यंत ते दोन तास कसे संपतात ते रस्ते बघितलेल्यांना सांगायला नको. मात्र सोडायचं ते कोठडीतून. केस तशीच राहते. अर्ध्या गावाला वाटतं दोन तास उलटले की सुटलो. नुसता तोंडाला वास येतो, पाय लटपटतात, एवढ्यावर दारू सिद्ध होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्येच म्हटलंय. पण इथे मशीनची चिठ्ठी होती ११.४० ची आणि डॉक्टरची तपासणी १ वाजताची. मला पकडायला एक सुतळीसुद्धा नव्हती.

म्हणून मी त्याला लढायला सांगितलं नाही. काही वकीलमित्रांना हे पटत नाही. त्यांच्या मते प्रत्येक केस तारखांवर झिजवायची. मला पहिलाच गुन्हा, घरचा एकटा कमावता, एवढं कोर्टापुढे ठेवायचं होतं. दंडावर भागलं. मी विधी सेवा समितीच्या पॅनेलवर असल्याने फी त्याच्याकडून घेतली नाही. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. बाईमाणसाला आणि कोठडीत असलेल्याला तर उत्पन्न न विचारता. १५१०० वर फोन केला तरी रस्ता दाखवतात.

आईने कोर्टाच्या आवारातच गाऱ्हाणं घातलं, "बाय, कायव कर, पण ह्येचा लायसन जाव देव नको."

तोपर्यंत लायसन गेलेलंच होतं. पोलिसांनी त्याच रात्री ते घेऊन पोचपावती दिली होती आणि आरटीओकडे पाठवलं होतं. घरी नोटीस आली होती. पाकीट देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे. सरकारी पाकीट उघडलं की संकट सुरू होतं, असा त्या घराचा समज. कोर्ट वेगळं, आरटीओ वेगळं, आणि लायसन माणसाचं असतं, गाडीचं नसतं, हे मी तिथे दोघांना समजावलं. स्कूटीवर पकडला म्हणून टेंपोही बंद. लायसन निलंबित करण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि ती तारीख चार दिवसांवर होती.

गेलो. मी एवढंच मागितलं की लायसन त्यांच्या ताब्यात आल्यापासूनचे दिवस धरा. ते ऐकलं. तीन महिने निलंबन, मार्चपासून.

मार्च ते जून. म्हणजे आख्खा हापूस. चुलतभावाने टेंपो चालवला, हा मागे पेट्यांवर बसून वाशीला जाऊन आला, निम्म्या पैशांत. लायसन हातात पडलं तेव्हा बागेत खाली पडलेले रायवळ तेवढे उरले होते आणि पाऊस लागला होता. त्याचा राग पोलिसांवर होता, माझ्यावरही थोडा. मी काही बोलले नाही. तो घाट रात्री मीही उतरते.

परवा त्याच्या आईचा फोन आला. वाडीतला आणखी एक पोरगा सापडलाय, त्याच्याही घरी पाकीट आलंय.

"उघडूक नाय हां, बाय. तुझ्याकडेच घेवन येतंय."

"आये," मी म्हटलं, "आधी उघड आणि तारीख वाचून दाखव."