संध्याकाळचं रडणं आणि माझा चढलेला पारा

बाळंतपणाला माहेरी अमळनेरला होते, ऐन मे महिना, पारा ४४ वर, आणि पोरगा संध्याकाळी दिवेलागणीला जो सूर लावायचा तो रात्री जेवणं उरकली तरी चालूच. दूध पाजलं, ढेकर काढली, लंगोट बदलला, तरी तेच. आजी म्हणे, "पोऱ्याले नजर लागनी", शेजारच्या काकू म्हणे उन्हाळा आहे, दोन चमचे पाणी पाज. पाणी नाही दिलं, सहा महिने फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातही. बाळघुटी आणि मधाचं बोटही नाही, मध तर वर्षाच्या आत नकोच.

डॉक्टरांनी पोट, कान, वजन सगळं बघितलं आणि म्हणाले बाळ ठणठणीत आहे, हे रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्याच्या आसपास सगळ्यात जास्त आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. पण ३८ डिग्री म्हणजे १००.४ ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध ओढत नाही किंवा अंग ढिलं पडलं तर रात्र असली तरी थेट दवाखाना.

पोटावर हात फिरवणं, अंगणात खांद्यावर घेऊन फेऱ्या, हे कधी चालायचं कधी नाही. कुलरचा घर्रर्र आवाज मात्र बरेचदा लागू पडला (वारा अंगावर घ्यायचा नाही, कुलर दाराकडे तोंड करून).

खरी गोष्ट माझी. एका रात्री दात-ओठ खाल्ले गेले आणि त्याला घेतलेले हात गच्च झाले, ते मला जाणवलं. डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं, बाळाचं डोकं जड आणि मान कच्ची, रागात गदागदा हलवलं तर आत मेंदू कवटीवर आपटतो, रक्तस्राव होतो, नजर जाते, जीवही जातो. म्हणून सरळ त्याला सपाट गादीवर उताणं ठेवलं, जवळ उशी-गोधडी काही नाही, आणि ओट्यावर जाऊन बसले. तो आत रडतोय, मी बाहेर तोंडावर पाणी मारतेय. पाच-दहा मिनिटांनी जाऊन बघितलं, तोवर वहिनी आली, "ताई द्या इकडे, तुम्ही जेवा आधी".

आई म्हणाली लेकराला एकटं टाकून बाहेर कशी बसली. मी म्हटलं रडून बाळाला काही होत नाही गं, माझ्या हातून झालं असतं. मग घरात ठरवूनच टाकलं, ज्याचं डोकं तापलं त्याने पोरगा दुसऱ्याकडे द्यायचा, कोणी नसेल तर खाली ठेवायचा, आणि त्यावर कोणी टोमणा मारायचा नाही. हे पुण्याला नवऱ्यालाही फोनवर सांगितलं, सुट्टीत येणार तर त्यालाही हाच नियम.